वजन घटते आहे; पण नेमके काय घटते आहे?

मुलीचे लग्न चार महिन्यांवर आले आणि सत्तेचाळीस वर्षांच्या आईने वजन कमी करायचे मनावर घेतले. उंची पाच फूट, म्हणजे साधारण १५२ सेंटीमीटर. वजन ७२ किलो. रात्रीचे जेवण बंद झाले, त्याऐवजी एक सफरचंद आणि काकडी. दुपारचा भात सुटला, साखर सुटली, सकाळ-संध्याकाळ चालणे सुरू झाले. लग्नाच्या दिवशी काट्यावर ६४ किलो होते. पाहुण्यांनी कौतुक केले. पण तोवर केस विंचरताना गुंतवळ हातात येऊ लागले होते, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या आणि पूजेला पाटावर बसल्यावर उठताना जमिनीला हात टेकावा लागत होता. लग्न आटोपले, नेहमीचे जेवण सुरू झाले आणि सहा महिन्यांत सहा किलो परत आले. उठताना हात मात्र अजूनही टेकावा लागतो.

थोड्याफार फरकाने ही गोष्ट आता अनेक घरांत घडते. यात त्या बाईंच्या निर्धारात काही कमी नव्हते. चूक झाली ती एका ठिकाणी. जेवण कमी करताना त्यांच्या ताटातून सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त गेली ती प्रथिने, आणि ती मुळातच कमी होती.

आठ किलो कशाचे?

वजन कमी होते तेव्हा फक्त चरबी कमी होत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी जाते, मग चरबी जाते आणि तिच्याबरोबर स्नायूही झिजतात. सर्वसाधारणपणे घटलेल्या वजनाच्या पाव हिस्सा चरबी सोडून इतर वस्तुमानाचा असतो आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. उपासमार जितकी कडक, प्रथिने जितकी कमी आणि स्नायूंना काम जितके कमी, तितका हा हिस्सा वाढतो.

याचे कारण साधे आहे. जास्तीची ऊर्जा शरीर चरबीच्या रूपात साठवते, थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवते; प्रथिनांसाठी मात्र असे वेगळे कोठार नाही. रोज लागणारी संप्रेरके, पाचकरस, रोगप्रतिकारक द्रव्ये, नवे केस, नवी त्वचा या सगळ्यांसाठी प्रथिने लागतात. ती ताटातून आली नाहीत, तर शरीर स्नायू मोडून ती मिळवते.

स्नायू म्हणजे केवळ ताकद नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेणारी शरीरातली सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. ते कमी झाले की साखर ताब्यात ठेवणे अवघड होते. उतारवयात तोल जाणे, पडणे, हाड मोडणे यांच्याशीही त्यांचा थेट संबंध आहे. शिवाय डाएट सोडल्यावर परत येणारे वजन बहुतांशी चरबीचे असते. म्हणजे दोन-तीन वेळा असे घडले, की काट्यावरचा आकडा जुनाच, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी स्थिती होते.

भारतीयांसाठी ही बाब अधिक गंभीर आहे, कारण आपली सुरुवातच कमी स्नायूंनी होते. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेतले वजन, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त, ही भारतीय शरीराची ठेवण त्या एका छायाचित्राने जगापुढे आली. अशा शरीराला उरलेसुरले स्नायू गमावणे परवडत नाही.

ताटातला हिशेब

आता त्या आईच्या जुन्या जेवणात प्रथिने किती होती ते पाहू. सकाळी शेंगदाणे घातलेले एक बशी पोहे: सुमारे ५ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या ६.५ ग्रॅम, एक वाटी पातळ वरण ३ ग्रॅम, थोडा भात ३ ग्रॅम, भाजी २ ग्रॅम. दिवसभरातल्या दोन कप चहाचे दूध ३ ग्रॅम. रात्री पुन्हा दुपारसारखेच जेवण, १४ ते १५ ग्रॅम. एकूण बेरीज ३७ ग्रॅमच्या आसपास.

पातळ वरणाचे ३ ग्रॅम वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे; पण एका वाटी पातळ वरणात डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, बाकी पाणी.

रात्रीचे जेवण आणि दुपारचा भात बंद झाल्यावर या ३७ पैकी १७ ते १८ ग्रॅम गेले. सफरचंद आणि काकडीतून जेमतेम एखादा ग्रॅम आला. उरले दिवसाला २० ग्रॅम. चार महिने त्या शरीराने एवढ्यावर काढले.

उपवासाच्या दिवशी तर याहून कमी. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. रोज भिजवलेले बदाम खाणाऱ्यांचाही असाच समज असतो. बदाम चांगलेच, पण सहा बदामांतून मिळतात दीड ग्रॅम प्रथिने.

मग किती हवीत?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या मानकानुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. आहार मुख्यत्वे धान्यांवर असेल, तर प्रथिनांचा दर्जा कमी पडतो. म्हणून दर किलोला १ ग्रॅम धरणे योग्य.

पण हा हिशेब वजन स्थिर असलेल्या माणसाचा आहे. कमी खाऊन वजन उतरवणाऱ्या माणसाच्या शरीरात ऊर्जेची तूट असते आणि काही प्रथिने इंधन म्हणून जळून जातात. त्यामुळे वजन कमी करताना दर किलोला १ ते १.२ ग्रॅम हे बहुतेकांसाठी योग्य प्रमाण. साठीच्या पुढचे लोक आणि नियमित वजने उचलण्याचा व्यायाम करणारे यांना १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जाता येते.

इथे एक मोठी गल्लत होते. किलो कोणते धरायचे? आजचे वाढलेले वजन नव्हे. चरबीला फारशी प्रथिने लागत नाहीत. उंचीला साजेसे वजन धरावे. ते काढायची सोपी रीत अशी: उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि येणाऱ्या आकड्याला २३ ने गुणा. १.५२ गुणिले १.५२ म्हणजे २.३१, त्याला २३ ने गुणले की ५३ किलो. दर किलोला १.२ ग्रॅम धरले तर त्या आईला रोज सुमारे ६४ ग्रॅम प्रथिने हवी होती. मिळत होती २०.

१७० सेंटीमीटर उंचीच्या, ९० किलो वजनाच्या पुरुषासाठी हाच हिशेब ६६ किलोवर होईल आणि उत्तर येईल ८० ग्रॅम. जिममध्ये ऐकलेला ‘किलोला दोन ग्रॅम’चा नियम ९० किलोला लावला, तर आकडा १८० वर जातो. त्याची कुणालाही गरज नसते आणि तो गाठताना खिसा आणि पोट दोन्ही बिघडतात.

प्रथिनांनी वजन उतरते का?

थोडी मदत होते. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले वाटते. ती पचवायला शरीराला ऊर्जाही जास्त खर्चावी लागते: प्रथिनांतल्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग पचनातच जातो, कर्बोदकांत हे प्रमाण ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांत त्याहून कमी. पण यापलीकडे जादू नाही. अमेरिकेत ८११ स्थूल आणि जास्त वजनाच्या व्यक्तींवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात काहींना १५ टक्के आणि काहींना २५ टक्के ऊर्जा प्रथिनांतून देणारा आहार सांगितला होता. दोन वर्षांनी घट होती अनुक्रमे ३ आणि ३.६ किलो. हा फरक नगण्य होता. वजन उतरते ते एकूण ऊर्जा कमी घेतल्याने.

प्रथिनांचा खरा उपयोग दिसतो तो ‘काय उतरले’ यात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातल्या अभ्यासात ४० तरुणांचा आहार ४० टक्क्यांनी कमी केला आणि चार आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. निम्म्यांना दर किलोला १.२ ग्रॅम, निम्म्यांना २.४ ग्रॅम प्रथिने दिली. जास्त प्रथिने घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. दुसऱ्या गटाची ३.५ किलो चरबी उतरली. पण स्नायू त्यांचेही टिकले. हे तरुण होते, कडक देखरेखीखाली होते, आठवड्यातून सहा दिवस व्यायाम करत होते, म्हणून २.४ हा आकडा घरी उचलून आणू नये. लक्षात ठेवायचे ते हे, की एवढ्या कमी खाण्यातही १.२ ग्रॅम प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांनी स्नायू राखले गेले.

उलट टोकाचे उदाहरणही अमेरिकेतलेच. १९७६-७७ च्या सुमारास तिथे द्रवरूप प्रथिनांवर राहून वजन उतरवण्याची लाट आली. जनावरांच्या कातडीतून आणि स्नायुबंधांतून काढलेले कोलॅजन हा त्यातला मुख्य घटक. दिवसाला तीन-चारशे कॅलरी आणि बाकी जवळजवळ काहीच नाही. वजन झपाट्याने उतरले. पण काही जण अचानक दगावले. अशा १७ मृत्यूंचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हृदयाच्या लयीतला जीवघेणा बिघाड पुढे आला. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, म्हणून प्रथिन म्हणून ते अपुरे. आज ‘त्वचेसाठी’ विकल्या जाणाऱ्या कोलॅजनला जेवणातल्या प्रथिनांची जागा देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रथिने हा जेवणाचा भाग आहे, ती जेवणाऐवजी घ्यायची गोष्ट नाही.

६४ ग्रॅम आपल्या स्वयंपाकघरातून

शाकाहारी घरातही हा आकडा गाठता येतो. सकाळी ५० ग्रॅम मुगाची दोन धिरडी आणि अर्धी वाटी दही: १५ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, मटकी किंवा मुगाची वाटीभर दाट उसळ, भाजी, कोशिंबीर आणि वाटीभर दही: २२ ते २३ ग्रॅम. संध्याकाळी मूठभर फुटाणे: ६ ग्रॅम. रात्री एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि ७५ ग्रॅम पनीर: २० ग्रॅम. दोन चहांचे दूध धरले की ६६ ते ६७ ग्रॅम होतात. तेल बेताचे असेल, तर हे सगळे १४०० कॅलरींच्या आसपास बसते. म्हणजे वजनही उतरते.

रात्रीच्या पनीरऐवजी दोन अंडी, किंवा २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, किंवा बांगड्याचा एक मोठा तुकडा चालतो; प्रत्येकातून १३ ते १५ ग्रॅम मिळतात. सोयाबीनच्या वड्यांत निम्मे वजन प्रथिनांचे असते आणि त्या सर्वांत स्वस्तही पडतात. पिठले-भाकरी हेही चांगले जेवण. ३० ग्रॅम बेसनातून ६ ते ७ ग्रॅम येतात.

शेंगदाण्यांच्या बाबतीत थोडे सावध राहावे. त्यांत प्रथिने भरपूर, पण तेलही भरपूर. १३ ग्रॅम प्रथिनांसाठी दोन अंड्यांच्या १५० कॅलरी पुरतात, शेंगदाण्यांच्या पावणेतीनशेहून अधिक लागतात. पनीरचेही काहीसे तसेच. ते तळून, मलईच्या रश्श्यात घातले की हिशेब उलटतो.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्याची आपली पद्धत शास्त्रीय आहे. धान्यांत लायसिन कमी असते, ते डाळी पुरवतात. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्ये पुरवतात. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण, दोन्ही कच्चे मोजून, पोषणतज्ज्ञ सांगतात. आपल्या ताटात डाळीचा भाग बराच कमी असतो. त्यामुळे भात पूर्ण सोडण्यापेक्षा भात निम्मा आणि वरण दाट, हा बदल जास्त उपयोगी. प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटून घ्यावीत. आपल्याकडे सर्वांत रिकामी राहते ती न्याहारी. चहा-बिस्किटे, पोहे, उपमा यांवर ती भागते. सुधारणा तिथून सुरू करणे सोपे जाते.

आणि स्नायूंना काम दिल्याशिवाय नुसती प्रथिने खाऊन ते टिकत नाहीत. चालणे हृदयासाठी उत्तम. स्नायूंसाठी ते पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. त्यासाठी जिमच हवी असे नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, असे दोन-तीन फेरे केले तरी सुरुवात होते. गुडघे दुखत असतील, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावे.

पावडर घ्यावी का?

जेवणातून आकडा गाठला जात असेल, तर गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेनेही स्नायू वाढवण्यासाठी अशी पूरके टाळावीत, असेच सांगितले आहे. भूक फारच मंदावलेले वृद्ध, किंवा भूक कमी करणारी वजनाची नवी इंजेक्शने घेणारे रुग्ण, यांना जेवण जात नाही आणि स्नायू वेगाने घटू शकतात. अशांना डॉक्टर काही काळ पावडर सुचवू शकतात. ती घेताना पारख मात्र हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. परवाना क्रमांक नसलेला, किंवा ‘पंधरा दिवसांत फरक’ असे आश्वासन देणारा डबा दुकानातच ठेवावा.

आधी एक तपासणी

निरोगी मूत्रपिंडांना वर सांगितलेल्या प्रमाणातल्या प्रथिनांनी इजा होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. पण ज्यांची मूत्रपिंडे आधीच अधू आहेत, त्यांचे गणित वेगळे. मूत्रपिंडाच्या मध्यम किंवा प्रगत आजारात, डायलिसिस सुरू नसेल तर, प्रथिने दर किलोला ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवण्याचा सल्ला दिला जातो आणि १.३ च्या वर जाणे टाळायला सांगितले जाते. अडचण अशी, की हा आजार बराच काळ काहीच त्रास देत नाही. म्हणून मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, आहारात प्रथिने वाढवण्याआधी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. दोन्ही चाचण्या साध्या आहेत आणि सरकारी रुग्णालयांतही होतात. अहवालात क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर हा आकडाही पाहावा. स्नायू कमी असलेल्यांत नुसते क्रिएटिनिन फसवे ठरू शकते. गर्भवती आणि स्तनदा मातांनी वजन उतरवण्याचा कोणताही आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

त्या आईने आता पुन्हा वजन कमी करायचे ठरवले, तर काय वेगळे करावे? लग्नाची तारीख नसल्याने घाई नको. आठवड्याला अर्धा किलो पुरे. रात्रीचे जेवण बंद न करता भाकरी एक आणि सोबत वाटीभर उसळ. सकाळी पोह्यांऐवजी आठवड्यातले चार दिवस धिरडी किंवा अंडी. एक दिवसाआड पंधरा मिनिटे खुर्चीचा आणि बाटल्यांचा व्यायाम. आणि दर महिन्याला काट्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: कमरेचा घेर किती उतरला आणि पाटावरून हात न टेकता उठता येते का. घेर उतरतो आहे आणि उठणे सोपे होते आहे, तर चरबी जाते आहे. वजन उतरते आहे पण उठणे अवघड होते आहे, तर ताट पुन्हा मोजायला घ्यावे.